लिंपलेली चाळ

छायाचं माहेर त्र्यंबकच्या अंगाला, भाताच्या मुलखात. तिथली भुई पावसाळाभर पाझरते, म्हणून कणगी चार दगडांवर उभी. बांबूच्या कामट्यांची, पोटुशी बाई कमरेवर हात ठेवून उभी राहावी तशी. भात भरायच्या आधी तिची आई तानुबाई ती कणगी शेणामातीनं आतबाहेर लिंपायची आणि गुणगुणायची,

कणगी लिंपिते, बोटाबोटानं गं बाई
आत निजलं भात, त्याला वारं लागू नाई

ऐकत ऐकतच छाया लिंपायला शिकली.

लग्न होऊन ती लासलगावकडं आली, मळ्यातल्या एकट्या घरात. कोरडा, उघडा मुलूख. सासू बयाबाई सांगायची, पूर्वी इकडं जमिनीत पेव खणून बाजरी ठेवत. छायाला हसू यायचं. धान्य कुणी पुरतं का? पण घरामागची कांद्याची चाळ तिला पाहताक्षणी आपली वाटली. तीही पायांवर उभी, तिलाही कामट्यांच्या भिंती. माहेरची कणगीच जणू आडवी झालेली. फक्त हिच्या फटी उघड्या. ‘आळशी माणसं,’ असं मनात आलं आणि तिनं जीभ चावली.

लग्नाला महिनाही झाला नव्हता, तोच सासऱ्यांच्या, पुंजारामांच्या, छातीत कळ आली. त्यांना नाशिकला दवाखान्यात ठेवलं. सासू आणि नवरा शेखर तिकडंच. मळ्यावर छाया एकटी.

शेखरचा फोन आला. “आभाळ भरलंय म्हणं तिकडं. चाळीला जप बरं का. वर्षाचं समदं तिच्यात हाय.”

“मी हाय ना,” छाया म्हणाली. त्या घरानं पहिल्यांदाच तिच्या ओटीत काही टाकलं होतं.

वळवाची सर आडवी आली, फटींतून कांद्यावर उडाली. छायाचा जीव कळवळला. उघडीप होताच तिनं शेणमाती कालवली. तीन दिवस लिंपत होती. चाळीखाली उताणी शिरून तळही लिंपला. डोळ्यांत माती पडत होती आणि तोंडात आईचं गाणं होतं. शेवटी दाराशी चुन्याचे दोन हात उमटवले.

“झाकली का चाळ?” शेखरनं फोनवर विचारलं.

“बोटभर फट नाय ठेवली.”

“शाब्बास!” त्याला वाटलं, ताडपत्री बांधली असेल.

अकराव्या दिवशी पुंजारामांना घरी घेऊन जीप आली. बयाबाई उतरली आणि तिनं नाकाला पदर लावला. तो वास छायालाही चार दिवस येत होता, पण तिला वाटलं, ओलं लिंपण आंबलं असेल. शेखर मागं गेला. त्यानं भिंतीला लाथ घातली तसा पोपडा गळाला आणि भट्टीसारखी वाफ बाहेर आली. मागोमाग काळं पाणी.

“आमच्याकडं अशीच...” छाया म्हणाली.

“अगं, कांदा जिता असतो! त्याला वारं लागतं!” शेखर ओरडला.

बयाबाईनं एक कांदा उचलला. तो बोटांतच पिचून गळाला.

“आत्याबाई, शिव्या तरी द्या.”

“काय देऊ? सांगायला कुणी नव्हतं तुला,” बयाबाई म्हणाली. “मामंजींना कळू देऊ नको. छाती हाय त्यांची तशी.”

खाटेवरून पुंजारामांनी विचारलं, “चाळ बरी हाय ना रं?”

“हाय,” तिघंही म्हणाले.

म्हाताऱ्याला नाक होतं. तो भिंतीकडं तोंड करून निजला.

आठवड्यानं शेखरनं छायाला माहेरी सोडलं. “थोडे दिवस ऱ्हा,” म्हणाला. न्यायला कधी येणार ते बोलला नाही. पोळा गेला, दसरा गेला. दिवाळीला लेक आणायला मुराळी इथून कुठं जाणार, लेक घरातच होती.

भात झोडून झालं. तानुबाईनं माती कालवली. “चल, हात लाव.”

छायानं कणगी लिंपली, गुळगुळीत, पहिल्यासारखी. तानुबाई पाहायला आली, तर मागच्या अंगाला वीतभर जागा कोरडी. कामट्या उघड्या.

“ही ऱ्हायली गं.”

“राहू दे, आये.”

“उंदीर शिरंल. भात सर्द होईल.”

छाया त्या फटीवर तळहात धरून बसून राहिली, आत येणाऱ्या दाण्यांना श्वास मिळेल की नाही ते पाहिल्यासारखी.

तानुबाईनं तिचा हात हळूच बाजूला केला. ओंजळभर माती घेऊन फट बुजवली. त्या साली तिनं गाणं म्हटलं नाही.