रक्तानं खाल्लेलं विष

रिपोर्टात विष निघालं नाही म्हटल्यावर राजशेखर चाकूरच्या बाजारात छाती काढून फिरला. "शिकलीसवरली बाई हाय, पण नवरा गेल्यापासून डोकं फिरलंय," असं ज्याला त्याला सांगत सुटला. मंजुश्रीच्या कानावर ते आलंच. तिनं दातओठ खाल्ले.

राजशेखर तिचा थोरला दीर. फवारणीच्या औषधांचं दुकान दोघा भावांचं. थोरला बनावट माल भरतो हे धाकट्या मृत्युंजयला कळलं आणि तो तक्रार करायला निघाला. दुसऱ्या दिवशी दुकानातच ताक प्यायला, घामानं निथळला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, आणि दवाखान्यात संपला. हार्ट अटॅक म्हणून राजशेखरनं चिरफाड होऊ दिली नाही. रक्ताची एक नळी तेवढी घेतलेली होती, तीच मंजुश्रीनं भांडून तपासायला लावली.

मंजुश्री लातूरच्या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायची. ती नळी भर उन्हाळ्यात आठवडाभर उघड्या टेबलावर पडून होती हे कळलं, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फवारणीच्या औषधांतल्या कार्बामेट जातीच्या विषाला रक्तातली प्रथिनंच फोडतात. अल्ब्युमिन फोडतं, एस्टरेज फोडतं, आणि माणूस मेला तरी नळीत त्यांचं काम चालूच राहतं. म्हणजे नवऱ्याच्याच रक्तानं खुन्याचा पुरावा खाऊन टाकला होता! पण पोटातल्या आम्लात ही प्रथिनं कामाची नाहीत. तिथं विष टिकतं. तिनं तहसील पालथं घातलं आणि मृत्युंजयला उकरून काढायची परवानगी मिळवली.

लिंगायतांच्या रितीनं पुरलेल्या मृत्युंजयच्या समाधीपाशी अख्खी भावकी जमली. राजशेखरनं आईचे पाय धरले.

"आई, समाधी उकरणं पाप हाय. थांबव हिला."

गौरम्मा दोघांची आई. ती नको म्हणाली असती तर गावातल्या एकानंही कुदळ उचलली नसती. मंजुश्रीचा जीव टांगणीला लागला.

म्हातारी थोरल्याकडं वळली.

"त्या दिवशी तू म्हणलास, आपण जाळू, लवकर उरकंल," ती म्हणाली. "मला वाटलं, दुःखानं पोरगं बरळतंय. गळ्यात लिंग असलेल्या भावाला कुणी जाळतं का रे? कशापायी जाळायचं व्हतं तुला?"

राजशेखरनं आईचे पाय सोडले.

"खणा," गौरम्मा म्हणाली.

मंजुश्रीनं त्याचं पांढरंफटक पडलेलं तोंड डोळे भरून पाहून घेतलं. तिला त्याची तिळमात्र कीव आली नाही. मग तिनं पदर खोचला आणि पहिली कुदळ स्वतः मारली.