पेन्सिलीनं नेलेलं गोंदण

मी रिटचिंगची पेन्सिल बोलतेय. शाळेच्या दप्तरातली नव्हे, फोटो स्टुडिओतली. सँडपेपरवर घासून सुईसारखं केलेलं माझं टोक पाहिलंत तर तुम्ही हात मागे घ्याल. ठाण्यात चेंदणी कोळीवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आनंद कर्णिकांचा स्टुडिओ होता. ब्याऐंशी साली मी तिथे आले आणि आल्या दिवसापासून मिरवू लागले.

माझं काम सांगायला हवं, कारण हल्ली ते कुणाला माहीत नाही. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे रिकामा, पांढरा दिसतो. ती रिकामी जागा मी बारीक बारीक टिंबांनी भरून टाकायची, की छापलेल्या फोटोतून डाग गायब! देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्यांखालचं काळं, सगळं मी घालवायची. लग्नाच्या मुली तर हक्कानं सांगायच्या, "काका, तीळ काढा हं!" आनंदरावांची बोटं इतकी हलकी, की मला माझं वजनही जाणवत नसे. त्या बोटांवर माझा जीव होता, कशाला लपवू?

मग ते पुस्तक आलं. आनंदरावांच्या पत्नी मंदाकिनीबाई डोंबिवलीच्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी तिथल्या रद्दीच्या दुकानातून ते उचललं. इंग्रजी, कव्हर फाटलेलं, लेखकाचा पत्ता नाही. फोटोंवरचं पुस्तक आणि आत एकही फोटो नाही! मला हसूच आलं. लेन्स कुठली, उजेड किती, काही नाही, नुसते प्रश्न. आनंदराव दुपारी डिक्शनरी घेऊन वाचत बसत आणि वैतागत.

"अगं, हा म्हणतो, फोटो चित्रासारखा नसतो, पावलाच्या ठशासारखा असतो. माणूस खरंच तिथे होतं, त्याच्यावरचा उजेड फिल्मवर पडला, म्हणून ते उमटलं."

"मग बरोबरच आहे की," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"बरोबर असेल. पण गिऱ्हाइकाला सुरकुत्या चालतात का?" असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं आणि मला उचललं. मी मनातल्या मनात नाचले.

सत्त्याऐंशी साली शेवंती आपल्या आईला, आवडाबाईला घेऊन आली. दोघी मासळीबाजारात बसायच्या. म्हातारीनं जन्मात पहिल्यांदाच फोटो काढला, आणि तो न्यायला यायच्या आधीच ती गेली. हार घालायला मोठा फोटो करून ठेवा, असा शेवंतीचा निरोप आला. आनंदरावांना वाईट वाटलं. त्यांनी आणि मी जीव ओतून काम केलं. एवढा नितळ चेहरा मी त्याआधी केला नव्हता.

शेवंतीनं फोटो हातात घेतला आणि परत टेबलावर ठेवला.

"ही माजी आय नाय, भाऊ. कपालावरचा गोंदान कुठं गेला?"

"ते... जरा साफ केलं," आनंदराव म्हणाले.

"बाई मेली का समदा काडून घेतात. नथ, बांगड्या, समदा. गोंदान तेवढा तिचे संगती जातो. तो पन तुमी काडलात?"

ती ओरडली नाही. स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. आनंदरावांनी ती निगेटिव्ह काढली, स्पिरिटमध्ये कापूस बुडवला आणि मला पुसायला सुरुवात केली. माझं एकेक टिंब कापसावर काळं होऊन उतरत होतं. मला फार लागलं.

थोड्या वेळानं ते डार्करूममधून ओला फोटो घेऊन बाहेर आले. भुवयांमध्ये चांदणी, हनुवटीवर तीन ठिपके, गालांवर उन्हानं पडलेल्या रेघा. शेवंतीनं ओल्या कागदावरच बोट ठेवलं. "आली," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून ते पुस्तक काउंटरवर आलं आणि मी खणात गेले. आनंदरावांनी समोरून सपाट उजेड टाकणं सोडलं. माणसाला खिडकीपाशी बसवायचे, आधी गप्पा मारायचे, "ही खूण कसली हो?" म्हणून विचारायचे. तीळवाल्या मुली दुसऱ्या स्टुडिओत गेल्या. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या मात्र येऊ लागल्या. त्यांचे फोटो पाहणारी माणसं एकदम हळू आवाजात बोलायची. मी खणात सगळं ऐकत झुरत होते.

एकदा त्यांनी मला बाहेर काढलं. टोक घासलं. मला वाटलं, आलीच आठवण! पण त्यांनी ते पुस्तक उघडलं आणि माझ्या त्या सवतीच्या अंगावर मलाच रेघ मारायला लावली. ओळ अशी होती: काय काढायचं हे शोधणारा डोळा चेहरा पाहत नाही. माझं शिसं कडक, रेघ फिकी उमटली. मी परत खणात.

आता जागोजागी रंगीत फोटोंच्या लॅब आल्यात. मला कुणी शोधत नाही. पूर्वी त्या बोटांची ओढ लागायची, आता चेहऱ्यांची लागते. हजारो चेहरे माझ्या टोकाखालून गेले. त्यातला एक तरी पुन्हा समोर यावा असं फार वाटतं.

तुमच्याही घरी भिंतीवर एखादी आजी असेल, कपाळ अगदी गुळगुळीत. तिथे काहीतरी होतं, ते मी काढलं. तिला पाहिलेलं कुणी घरात अजून असेल, तर आजच विचारून घ्या. मला विचारू नका. इतक्या जवळ असून मी ते पाहिलंच नाही.