उजव्या डोळ्यातलं पांढरं

मी दुर्बीण. माझं काम लांबचं जवळ दाखवायचं. पण पाच वर्षं माझ्या उजव्या डोळ्यात एक पांढरं उभं होतं. त्याच्याविषयी आज बोलायलाच हवं.

रहिमतपूरच्या सुभेदार लालासाहेबांनी पलटणीतून निवृत्त झाल्यावर मला घेतलं. बैलगाडा शर्यतीत ते पंच होते. कुठल्या बैलाची मान आधी रेषेवर आली, हे माझ्यातून पाहायचे. दोन्ही गाडीवाले हमरीतुमरीवर आले तरी ते एवढंच म्हणायचे, "दिसलं ते बोललो." घरी आले की मऊ कोरड्या फडक्यानं मला पुसायचे. पाण्याचा थेंब लागू द्यायचे नाहीत.

ते गेले आणि मी कपाटात गेले. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, त्यांची बायको चंद्राबाई मला बाहेर काढायची. विळा, कोयता, कुऱ्हाड धुवायची, त्यांच्याबरोबर मलाही तांब्याभर पाण्यानं धुवायची आणि हळदकुंकू लावायची. न धुता पूजा कशी करायची? ते पाणी माझ्या सांध्यांतून आत उतरलं आणि आतच राहिलं.

एका खंडेनवमीला तिनं सहज मला डोळ्याला लावलं. उजवीकडे काहीतरी पांढरं होतं, धोतर नेसून कोणी उभं असावं तसं. 

"आलासा?" ती हळूच म्हणाली.

ती बुरशी होती. मला ठाऊक होतं, पण मला वाचा कुठली? मग दर वर्षी ती पाहायची आणि ते पांढरं थोडं वाढलेलं असायचं. पुढं पुढं ती घाबरायला लागली. धनी येतात, उभे राहतात, बोलत काहीच नाहीत. रागावले असतील का?

म्हणून तिच्या मुलानं, शिवतेजनं, मला मोबाइलवर विकायला काढलं तेव्हा ती अडवायला गेली नाही.

"आई, हिच्यात काय बिघाड न्हाई न्हवं?"

"न्हाई," ती म्हणाली. त्यानं मग तसंच लिहिलं.

मला घेतलं जतच्या धुळानं. मेंढरांमागं हिंडणारा माणूस, त्या भागात लांडग्यांचा उपद्रव लय. पार्सल फोडलं त्याच संध्याकाळी त्यानं माळावर नजर टाकली. एक कोकरू कळपात दिसत नव्हतं. झुडपाच्या बाजूला पांढरं दिसलं. "हाय तितंच," म्हणून तो निर्धास्त झाला. सकाळी ओढ्यात कोकराची नुसती लोकर सापडली. मी त्याला फसवलं, हे मला आजही सलतं.

त्यानं फोन लावला.

"पाव्हणं, वस्तू आमी चांगलीच पाठवली हुती," शिवतेज म्हणाला. "आता परत कशी घ्यायची?"

"आवं, तुमच्या दुर्बिणीत कोणतरी पांढरं उभं हाय. कोकरू समजलो मी. माझं कोकरू गेलं."

चंद्राबाई शिवतेजच्या शेजारीच बसली होती. तिनं फोन ओढून घेतला.

"दादा, ते मला ठावं हुतं. मी बोलले न्हाई. पोराची चूक न्हाई, माझी हाय. दुर्बीण घिऊन मिरजंला या, मी येते."

मिरजेच्या दुकानात कारागिरानं मला खोललं. "बुरशी आहे, मावशी. आत पाणी गेलंय. कोणी धुतली होती का?"

चंद्राबाईनं माझ्या उघड्या भिंगाकडं पाहिलं. "मीच," ती म्हणाली. "मीच धूत हुते."

त्यानं कापूस औषधात बुडवला. "पुसू ना?"

तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. धुळा तिच्याकडं पाहत होता. तिनं त्याला कोकराची भरपाई दिली होती, पण ही बाई एवढी का थांबलीय, हे त्याला उमगत नव्हतं.

"पुसा," ती म्हणाली.

जोडून झाल्यावर तिनं मला डोळ्याला लावलं. रस्त्याच्या टोकापर्यंत सगळं लख्ख होतं, पारावर बसलेला म्हातारासुद्धा. ती खूप वेळ शोधत राहिली.

"कोण न्हाई," ती म्हणाली आणि मला धुळाच्या हातात दिलं. "आता बघून घ्या, दादा."

आता मी माळावर असते. एकेक मेंढरू नीट दिसतं. बाबांनो, मला पुढं कोणाला द्याल, तर माझ्यात तुम्हाला काय दिसलं ते आधी सांगा. भीती वाटली असेल तर तीही सांगा.

उजवा डोळा स्वच्छ आहे. त्यात कधीच कोणी नव्हतं, हे मलाच सगळ्यांत आधी ठाऊक होतं. तरी दिवस मावळायला लागला की मी उजवीकडे पाहते, आणि सुभेदार आले नाहीत म्हणून मला वाईट वाटतं.