रोज एक शब्द

"बरं लावलंत हं ताई! अस्सं झोंबलं असेल ना तिला!"

मालसुकने एका हातातला रबरी मोजा ओढून काढला आणि ओला अंगठा वर करून दाखवला. इनोकच्या हातातली स्टीलच्या ताटांची चळत निसटता निसटता राहिली.

"कुणाला गं?"

"मला कशाला विचारता? त्या आहारवाल्या मॅडमला! दिवसभर खुर्चीत बसायचं आणि आपल्याला सांगायचं, मुळा अजून बारीक चिरा. मी सकाळी वाचलं आणि हसतच सुटले. लगेच फोनवर लाल बदाम टाकला तुम्हाला, बघितला नाही?"

इनोकने बघितला होता. शाळेच्या स्वयंपाकघरात पाच बायका, चारशे पोरांचं जेवण, आणि शुक्रवारी तळणाची कढई घासायची वेळ आली की मालसुकचं मनगट न चुकता दुखायला लागायचं. गेल्या शुक्रवारीही दुखलं. म्हणून इनोकने घरी जाऊन फोनवरच्या शब्दकोशातला एक शब्द अर्थासकट उचलला आणि आपल्या नावाखाली स्टेटसला लावला: "ऐतखाऊ – स्वतः हात न हलवता दुसऱ्याच्या कष्टावर खाणारा." आणि ज्या बाईसाठी लावला, तीच आता बदाम टाकून वर शाबासकी देत होती. इनोकने ताटं गरम पाण्यात सोडली आणि घासायला लागली.

रोज कुणासाठी ना कुणासाठी एक शब्द लावायची ही खोड तिला लागून दोन वर्षं झाली होती. भांडण करणं तिला कधी जमलं नाही. समोरच्याचा आवाज चढला की हिच्या डोळ्यांत आधी पाणी यायचं, आणि जे बोलायचं ते रात्री अंथरुणात सुचायचं. शिक्षण आठवीपर्यंत, पुढे कापडगिरणी, मग लग्न. शब्दकोश मात्र कुणाला घाबरत नाही. तो शांतपणे अर्थ सांगतो आणि गप्प बसतो. कुणी विचारलंच तर म्हणता येतं, "मी कुठे काय बोलले? शब्दकोशात आहे ते लावलं." बसथांब्यावर रांग मोडणाऱ्या शेजारणीसाठी तिने 'आगाऊ' लावला, चर्चमध्ये गोड बोलून मागे निंदा करणारीसाठी 'ढोंगी', आणि सासूच्या औषधांवरून उलसानहून फोनवर अक्कल शिकवणाऱ्या जावेसाठी 'चोंबडा'. शब्द लावला की छातीतला दगड जरा हलका व्हायचा. सगळ्या योंगजू गावात हे करणारी ती काही एकटी नव्हती. मालसुकनेही मागे एकदा 'खवचट' लावला होता, आणि तो कुणासाठी यावर स्वयंपाकघरात आठवडाभर खल चालला होता.

घरी सासू होती. नाव जॉम्ने, वय त्र्याऐंशी, खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ढकलगाडीचा आधार घेऊन चालणारी. इनोकचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. तेव्हा धाकटा दीर म्हणाला होता, आईला उलसानला नेतो. म्हातारी म्हणाली, "मी हितंच बरी, दासोमच्या आईपाशी." दासोम ही इनोकची मुलगी, नोकरीला सोलमध्ये. तेव्हापासून घरात दोघीच. इनोक शाळेतून परतायची तेव्हा खालून तापवलेल्या जमिनीवर रजईखाली झाकून ठेवलेली भाताची वाटी तिची वाट बघत असायची. चारशे पोरांना वाढून आलेल्या बाईला दुपारी कुणीतरी गरम भात ठेवावा, याचं मोल इनोकला पुरेपूर कळत होतं. फक्त ते तिने कधी तोंडाने सांगितलं नाही. तिला जमतच नव्हतं.

त्या आठवड्यात म्हातारीचं काहीतरी बिनसलं.

सोमवारी इनोक घरी आली तर सासू अंगणात लसणाचं पोतं घेऊन बसली होती. दोन नखांखाली रक्त साकळलं होतं, आणि अर्धं पोतं सोलून झालं होतं.

"आई, हे काय? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुनी कशाला सांगाया पायजे? किमचीचं लोणचं घालायचं न्हाई का औंदा?"

"अजून दोन आठवडे आहेत. उठा बघू."

"बसून तरी काय करू मी? फुकट बसते."

मंगळवारी तिने न्हाणी घासली. बुधवारी ढकलगाडीत तीन कोबी घालून नळावर गेली आणि घसरता घसरता वाचली. तेव्हा मात्र इनोकचा तोल गेला. "पुन्हा हाड मोडलं तर करायचं कुणी? माझ्यावर कामं वाढवू नका, एवढं तरी करा!"

म्हातारीने मान डोलावली. त्या दिवशी जेवताना तिने अर्धाच भात घेतला आणि उरलेला परत भांड्यात ठेवला.

आणि पुढच्या मंगळवारी इनोक शाळेतून आली, तेव्हा अंगणात दिराची गाडी उभी होती. सासूचं बोचकं बांधून तयार होतं.

"वहिनी, आईनेच फोन केला मला," दीर बूट घालत म्हणाला. त्याला इनोककडे बघवत नव्हतं. "म्हणाली, वृद्धाश्रमात जागा बघ. मी खूप समजावलं. ऐकतच नाही. आता जागाही मिळाली."

"आई? मला एका शब्दाने विचारलं नाहीत?"

"तुला त्रास नगं, पोरी," म्हातारी म्हणाली. तिने पिशवीवर पिशवी ठेवली, ढकलगाडीची घडी घातली, आणि दाराशी थांबून म्हणाली, "भात रजईखाली हाय."

गाडी गेली. इनोक भात जेवली नाही. सहा वर्षं तिने या बाईला न्हाऊ घातलं होतं, रात्री उठून पाय चेपले होते, दवाखान्याच्या रांगा लावल्या होत्या, आणि ही जाताना पाहुण्यासारखी गेली. आता गाव काय म्हणेल? सुनेनं हाकललं म्हणेल. दुःख होतं की राग, तिला कळेना, आणि कळेनासं झालं की ती जे करायची तेच तिने केलं. फोन घेतला, शब्द शोधला, लावला. "कृतघ्न – केलेल्या उपकारांची जाणीव न ठेवणारा." दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना लाज वाटली म्हणून काढून टाकला. एवढ्यात कोण वाचणार होतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

शनिवारी ती बाजारात सुक्या मिरच्या घ्यायला गेली होती. तिथे तिला ली बाई भेटली. पंचायतीच्या इमारतीत म्हाताऱ्या बायकांना लिहा-वाचायला शिकवणारी, चष्म्याची, उत्साही मुलगी. जॉम्ने आजी दोन वर्षं तिच्या वर्गात जात होती.

"आजींची जागा अगदी रिकामी वाटते हो," ली बाई म्हणाली. "आणि तुमच्या शब्दांचीही सगळ्यांना सवय लागली होती."

"माझ्या? कसल्या शब्दांची?"

"असं काय करता! तुम्ही आजींसाठी रोज एक शब्द टाकायचात ना, अर्थासकट? मी वर्गात सांगितलं होतं, रोज फोनवर काहीतरी एक वाचून वहीत उतरवून आणा. दासोमने आजींना फोन घेऊन दिलाय, त्यात तुमचं नाव. नावाखालचा शब्द आजी रोज उतरवून आणायच्या. फळ्याजवळ उभं राहून वाचायच्या. 'माझ्या सुनेनं माझ्यासाठी टाकलाय,' म्हणायच्या. बाकीच्या आज्या जळायच्या नुसत्या! म्हणायच्या, आमच्या सुना कुठे इतकं करतात." ली बाई हसली. "पण शब्द कसले शोधून काढायचात हो तुम्ही! आगाऊ काय, ढोंगी काय. वर्ग हसून हसून लोळायचा."

इनोकने मिरच्यांची पिशवी खाली ठेवली.

"शेवटचा कुठला वाचला त्यांनी?"

"वहीत शेवटचा ऐतखाऊ होता." ली बाईने चष्मा वर सरकवला. "त्या दिवशी मात्र आजी फळ्याजवळ आल्या नाहीत. म्हणाल्या, आज माझा आवाज बसलाय. त्यानंतर वर्गाला आल्याच नाहीत."

इनोक घरी कशी पोचली ते तिचं तिलाच आठवेना. ज्या बाईने दोन वर्षं प्रत्येक शब्द आपला म्हणून घेतला, तिने तोही आपलाच म्हणून घेतला. दुसरं काय करणार होती ती? लसूण, न्हाणी, कोबी, अर्धा भात. सगळं इनोकच्या डोळ्यांसमोर घडलं होतं आणि तिने वर 'कामं वाढवू नका' असं सुनावलं होतं. ती भिंतीला टेकून बसली आणि मोठमोठ्याने रडली. घरात ऐकायला कुणी नव्हतं.

दिराकडून वृद्धाश्रमाचा पत्ता घेऊन रविवारी सकाळच्या बसने ती निघाली. दीड तासाचा रस्ता. तेवढ्या वेळात तिने एक वाक्य पाठ केलं. आजवर समोरासमोर तिला कधी काही नीट बोलता आलं नव्हतं, म्हणून बस थांबेपर्यंत ओठ हलवत राहिली. त्यातला एकही शब्द तुमच्यासाठी नव्हता, आई. घरी चला.

वृद्धाश्रमाची खोली चार खाटांची होती. खिडकीपाशी सासू खाटेवर ताठ बसली होती. पुढ्यात धुतलेल्या टॉवेलांचा ढीग, आणि शेजारी घड्या घातलेल्या टॉवेलांची रास, कडेला कड जुळवलेली.

"आलीस व्हय? बस. जेवलीस का?"

"आई," इनोक उभ्या उभ्याच म्हणाली, कारण बसली असती तर वाक्य विसरली असती. "ते फोनवरचे शब्द. त्यातला एकही तुमच्यासाठी नव्हता. घरी चला."

म्हातारीचे हात थांबले.

"एक बी न्हाई?"

तेव्हा कुठे इनोकला कळलं की आपण काय केलं. एक शब्द परत घ्यायला आलो आणि सगळेच घेऊन चाललो. फळ्याजवळ उभं राहून वाचलेले, वहीत उतरवलेले, जळणाऱ्या बायकांसमोर मिरवलेले, सगळे.

"म्हणजे, होते," ती घाईने म्हणाली. "बाकीचे होते. तुमच्या वर्गासाठीच टाकत होते मी. तो एकच नव्हता. ऐतखाऊ. तो शाळेतल्या मालसुकसाठी होता, तिनं कढई घासली नाही म्हणून. देवाशप्पथ, आई."

सासूने तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिला सुनेचा खोटा चेहरा आणि खरा चेहरा दोन्ही पाठ झाले होते. पण खोटं होतं तेवढं तिने ठेवून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. मग एक टॉवेल उचलून तिने मांडीवर पसरला. "आन् त्यो दुसरा? कृतघ्न?"

शेजारच्या खाटेवरची बाई झोपेत खोकली. इथे मालसुक नव्हती, जाऊ नव्हती, शेजारीण नव्हती. पुढे करायला कुणीच नव्हतं.

"तो तुमच्यासाठी होता," ती म्हणाली.

"व्हय. मला वाटलंच." म्हातारीच्या आवाजात राग नव्हता. "लई अवघड हुता. हितं आले त्याच दिशी संध्याकाळी वाचाय घेतला. पुन्यांदा वाचावा तर सकाळी तू काढून टाकलेला. मग मनातल्या मनातच अक्षरं जुळवीत बसले दोन दिस."

"आई, मी रागाच्या भरात..."

"ऐक तरी. माझ्या लग्नाचा कागद बापानं वाचला. तुझ्या सासऱ्याची पलटणीतली पत्रं पोस्टमन वाचायचा, सगळ्या गल्लीत उभा ऱ्हाऊन. माझं लेकरू गेलं तवा दवाखान्यातला कागद तू वाचलास. माझ्याबद्दल लिहिलेलं आजवर मी सोता कधी वाचलं न्हवतं." तिने टॉवेलची कड कडेला लावली आणि तळहाताने सुरकुती मोडली. "ह्यो पयला."

इनोक खाली बसली. सासूच्या गुडघ्यावर कपाळ टेकवून ती रडायला लागली, आणि म्हातारीने एक हात तिच्या पाठीवर ठेवला, जसा नवरा गेला त्या दिवशी ठेवला होता. "माझं चुकलं," इनोक म्हणत राहिली, "माझं चुकलं, आई. घरी चला. मला कोण आहे दुसरं?"

"रडू नगं. लोक बघत्यात." थोड्या वेळाने सासू म्हणाली, "आता न्हाई येत मी, पोरी. हितं बरं हाय. सकाळी टावेल, दुपारी टावेल. दोन मजल्यांचे सगळे माझ्याकडंच देत्यात. हितली बाई म्हनाली, आजी, तुमच्यावानी घडी कुनाला जमत न्हाई. जेवायला बसते तवा मान वर करून बसते."

इनोकने डोळे पुसले. काहीतरी करायला हवं म्हणून तिने ढिगातला एक टॉवेल ओढला आणि त्याची घडी घालू लागली.

म्हातारीने तो तिच्या हातातून हलकेच काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हे माझं काम हाय."

तिने तो झटकला, पुन्हा पसरला, आणि अगदी सावकाश घडी घातली. मग दुसरा घेतला. इनोक रिकामे हात मांडीवर ठेवून बघत बसली.