चाळीस पंपांची गाडी

पंपांच्या कारखान्यात जोडणी विभाग माझ्या हाताखाली आहे. मी तोंडाने फटकळ, हे सगळेच म्हणतात आणि खोटं म्हणत नाहीत. त्यामुळे मॅनेजर साहेबांनी "टेस्टिंगचं टेबल बंद करून ते काम बाहेर देऊ" असं म्हटल्याबरोबर माझं डोकं सटकलं. त्या टेबलावर माझी वहिनी बसते, धाकट्या भावाची बायको. पंपात पाणी सोडून तो चालवायचा आणि कुठे थेंब गळतो का बघायचं, हे तिचं काम.

"दिवसाला तीनशे पंप हवेत, निघतात दोनशे," साहेब म्हणाले. "ढीग कुठे साचतो ते आंधळ्यालाही दिसेल!"

ढीग वहिनीसमोरच साचायचा, हे खरं होतं.

"एक दिवस द्या," मी टेबलावर हात आपटला. "उद्या भोंग्याच्या आत तीनशे काढून दाखवते. नाही निघाले तर काढा तिला, मी चकार शब्द बोलणार नाही."

बोलून बसले खरी, आता मागे फिरायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच मी घड्याळ घेऊन वहिनीशेजारी उभी राहिले. बघते तर ही हातावर हात ठेवून बसलेली.

"अगं, बसलीस काय?"

"गाडी कुठे आलीय, ताई?"

आमच्याकडे जोडलेले चाळीस पंप भरल्याशिवाय ढकलगाडी जोडणीतून तिच्या टेबलाकडे हलत नाही. फेऱ्या वाचतात ना! नियम माझा, गाडीही मीच हौसेने बनवून घेतलेली.

गाडी आली नऊला. पहिला पंप गळला. दुसरा गळला, तिसराही. वहिनीने एक उघडला तर आत वॉशर उलटा! आमच्या फिटरने, ज्याला सगळे नटबोल्ट म्हणतात, तासभर तस्सेच बसवले होते. आता चाळीसच्या चाळीस उघडायचे.

"असं नेहमी होतं?" मी विचारलं.

"आठवड्यातून तीन-चारदा. ढीग मात्र माझ्या नावावर."

अरे देवा! तिसऱ्या पंपालाच नटबोल्टला कळलं असतं, तर सदतीस वाचले असते! हे सगळं माझ्या लाडक्या गाडीने केलं होतं.

"मी गेल्या वर्षी घरी बोलले होते," वहिनी हळूच म्हणाली. "तुम्ही म्हणालात, तू थेंब बघ, गाडीचं मी बघते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण रडायला वेळ होता कुणाला? "उचला रे टेबल!" मी ओरडले. गाडी भिंतीला लावली, वहिनीचं टेबल पाण्याच्या नळीसकट फिटरच्या बाकाला भिडवलं. एक पंप जोडला की लगेच तिच्या हातात. उघडलेले चाळीस मी स्वतः पाना घेऊन दुरुस्त करायला बसले.

"नटबोल्ट, वॉशर!" वहिनी ओरडायची.

"सुलटा केला, माझे आई!" तो तिकडून. आणि पुढचा पंप कोरडा!

जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकशे तीस. चार वाजता दोनशे बेचाळीस. बाकीचे लोकही जाता-येता आकडा विचारायला लागले. मला तर आनंदाने नाचावंसं वाटत होतं. साडेपाचचा भोंगा व्हायला चार मिनिटं उरली तेव्हा आकडा होता दोनशे नव्याण्णव. साहेब हाताची घडी घालून समोर उभे.

तीनशेवा पंप चढला, आणि खालून एक थेंब टपकला. एकच! माझ्या जिभेवर आलं होतं, 'जाऊ दे गं.' वहिनीने साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. "हा नाही," म्हणत तिने तो बाजूला ठेवला. नटबोल्टने दुसरा दिला. तिने पाणी सोडलं. आम्ही सगळे श्वास रोखून वाकलो. कोरडा! ठणठणीत कोरडा! तिने तो खाली ठेवला आणि भोंगा वाजला.

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! नटबोल्टने टोपी छताकडे उडवली.

"जमवलंत कसं?" साहेबांनी मला विचारलं.

"गाडी माझी, नियम माझा, चूकही माझीच," मी म्हणाले. "डोकं हिचं. वर्षभर आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

साहेबांनी बाजूला ठेवलेला तो गळका पंप उचलून पाहिला. "टेबल इथेच राहू द्या," म्हणाले आणि गेले.

वहिनी हात पुसत म्हणाली, "ताई, आणखी एक सांगायचं होतं, पंपात बसवायचे पंखे येतात ना, त्यांचं..."

मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"सांग," म्हटलं.