उजव्या कानावरची खाच

बिभीषण सुतारानं हॉलात पाय टाकल्या टाकल्या काय केलं असेल, तर टेबलावरची ‘कृपया हात लावू नये’ ही चिठ्ठी उचलली आणि आक्काबाईच्या पदराला मागून टाचली. शेजारीण म्हणून राजूरपासून नगरपर्यंत त्याच जीपमध्ये बसली होती ती, आणि वाटभर त्याच्या घोरण्याच्या नकला करत आली होती. त्याची ही परतफेड. आता आक्काबाई पुढं ठुमकत चालली होती आणि मागं सावेडीतलं अख्खं मंगल कार्यालय फिदीफिदी हसत होतं.

“पन्नाशी आली, पन खोडी जात न्हाई तुमची,” त्याची बायको पंकजा म्हणाली.

“अगं, आक्काला हात लावायची छाती कुनाची हाय? आपली एक काळजी घेतली.”

विणकाम-भरतकामाचं एवढं मोठं प्रदर्शन त्या दोघांनी कधी पाहिलं नव्हतं. लोकरीचा गणपती, लोकरीचा वडापाव, बुलेटच्या सीटला क्रोशाची झालर. बायका डोळे फाडून टाके मोजत होत्या. बिभीषणाचं मात्र सगळं चित्त कोपऱ्यातल्या कानटोप्यांच्या टेबलावर. तिथं मधोमध एक हिरवी टोपी होती, खाली नाव पंकजाचं. आणि पंकजाला त्याचा पत्ताच नाही!

कारण टोपी विणली होती बिभीषणानं. दुकानाचं दार आतून लावून, मोबाईलवर बघून बघून. गावाला वाटायचं, गडी कुस्त्या बघतो. पण खरं सांगायची सोय होती का? राजूरच्या बाजारात ज्याची टोपी त्यानं उडवली नाही असा माणूस शिल्लक नव्हता. बिभीषण लोकर विणतो हे कळलं असतं, तर सगळ्यांनी मिळून एकदाच हिशेब चुकता केला असता. म्हणून नाव बायकोचं. त्याला फक्त एकदा बघायचं होतं, कुणी टोपी उचलून ‘वा’ म्हणतंय का.

तेवढ्यात माईक खरखरला. परीक्षक होत्या हन्नाबाई, मुलींच्या होस्टेलवर वॉर्डन म्हणून उभा जन्म काढलेल्या. “कानटोपी, पहिला नंबर, पंकजा बिभीषण सुतार, राजूर!”

पंकजाच्या हातातली भेळ तशीच राहिली. “मी?”

“ही?” आक्काबाई किंचाळली. “हिला बटन लावता येत न्हाई!”

पण बायकांनी ढकलत ढकलत पंकजाला स्टेजवर चढवलीच.

“सुंदर काम आहे,” हन्नाबाई म्हणाल्या. “पण उजव्या कानावर ही खाच कशाला ठेवली?”

पंकजानं टोपी फिरवून पाहिली. खाच बरोबर सुताराच्या पेन्सिलीएवढी. तिनं मान वर करून हॉलात पाहिलं. बिभीषणाच्या उजव्या कानावर लाल चपटी पेन्सिल, कायमची तिथंच असते तशी. त्यानं झटकन ती काढून खिशात कोंबली, पण फार उशीर झाला होता. पंकजा गोड हसली.

“सासूबाई काय बोलत्यात ते ऐकू यावं म्हनून!”

हॉल खदखदला. बिभीषणाला हायसं वाटलं. पण हन्नाबाईंनी लोकर आणि दोन सुया पुढं केल्या. “आमच्याकडं पद्धत आहे. विजेतीनं दोन ओळी इथं विणून दाखवायच्या.”

पंकजानं सुया धरल्या त्या चुलीतलं लाकूड सारावं तशा. लोकर बांगडीत अडकली. ती सोडवायला गेली तर दुसरी सुई खाली पडली. हसू विरलं आणि कुजबुज सुरू झाली.

“इकत आनली असंल.”

“नायतर दुसरीची ढापली.”

पंकजाचे कान लाल झाले. तिनं बिभीषणाकडं पाहिलं. आता ती हसत नव्हती.

मागचं दार उघडं होतं, बाहेर जीप उभी होती. बिभीषणानं दाराकडं एकदा पाहिलं, मग तरातरा स्टेजवर चढला.

“बाई, टोपी माझी हाय.”

“म्हणजे तुमच्या डोक्याची?”

“डोक्याची बी अन् हाताची बी.”

त्यानं खाली पडलेली सुई उचलली, बायकोच्या बांगडीतली लोकर हळूच सोडवली, भराभर टाके घातले आणि सुरू झाला. उलटा, सुलटा, उलटा, सुलटा.

“आरं बिभीषना!” आक्काबाईच्या तोंडाला एकदम वाचा फुटली. “म्हंजी दार लावून तू कुस्त्या बघत न्हवतास व्हय!”

छत कोसळावं असा हशा झाला. बिभीषण टोमॅटोसारखा लाल झाला, पण टाका काही सुटला नाही. हन्नाबाईंनी विणलेल्या दोन ओळींवरून बोट फिरवलं आणि माईक बाजूला धरून हळूच म्हणाल्या, “वा.”

मग प्रमाणपत्र पुढं ओढलं. “आता नाव कुणाचं घालू?”

“दोघांचं घाला,” पंकजा म्हणाली. “टाके त्यांचे, घाम माझा.”

परतीच्या वाटेवर आक्काबाईनं एक मफलर, दोन मोजे आणि नातवाचा स्वेटर एवढं सांगून टाकलं, वर रंगही ठरवले. राजूरला उतरल्यावर बिभीषण बक्षिसाची ढाल छातीशी धरून ऐटीत निघाला. पानटपरीवरची पोरं हसली. दूधवाला हसला. देवळातला पुजारीसुद्धा हसला.

“बघ, आपल्याआधी बातमी पोचली,” तो घरात शिरत कुरकुरला. “आता जगू देत न्हाईत मला.”

“तसं न्हाई,” म्हणत पंकजानं त्याच्या पाठीवरून चिठ्ठी काढून हातात दिली. ‘कृपया हात लावू नये.’

“आक्का!” बिभीषणानं दात खाल्ले.

“आक्कानं नुस्ती दिली. टाचली मी.” पंकजा चहा ठेवायला वळली. “तेवढंच शिवनकाम येतं मला.”