चावलेली साल

वेल्समधल्या केअरफिलीच्या बाजारात नेस्ट चीजच्या गोलावर सुरी ठेवत होती, तेवढ्यात ओलवेनने तिच्यासमोर पत्र्याचा डबा आपटला.

"उघड."

"अगं, गिऱ्हाईक आहे."

"म्हणूनच उघड."

गिऱ्हाईक म्हणजे कोळशाच्या खाणीचे मॅनेजर क्राउदर. गावाच्या नावाचं हे चीज कंपनीच्या दुकानासाठी ते दर शनिवारी नेस्टकडूनच घेत.

डब्यात चीजची बोटभर काळी साल होती, एका कडेने चावलेली. खाणीतल्या आगीला पाच महिने झाले होते. आत राहिलेल्या इडवलला, ओलवेनच्या नवऱ्याला, परवा वर काढलं. त्याच्याजवळ हा डबा सापडला.

"काळ्या हातांनी साल धरायची, पांढरं खायचं, साल उंदरांना टाकायची," ओलवेन क्राउदरना म्हणाली. "अठरा वर्षं त्याने साल तोंडाला लावली नाही. ही अर्धी खाल्लीय, अर्धी पुन्हा भूक लागेल म्हणून ठेवलीय. आणि तुम्ही चौकशीत सांगता, तासाभरात सगळे गेले!"

"उंदरांनी कुरतडली असेल."

"डबा बंद होता. झाकण लावायला शिकलेत का तुमचे उंदीर?"

आसपासची गिऱ्हाइकं जवळ सरकली. क्राउदर नेस्टकडे वळले.

"तुम्हीच सांगा, नेस्टबाई. उंदीरच ना?" मग हळू आवाजात म्हणाले, "तिसऱ्या दिवशी आग कोंडायला बोगदा बंद केला, त्या विटा तुमच्या नवऱ्याने, एमलिनने रचल्या. विचार करून बोला."

नेस्टने साल उजेडात धरली. दातांच्या खुणांमध्ये मधेच एक जागा कोरी होती, इडवलच्या पडलेल्या दाताची. दर शनिवारी चव बघायला दिलेला काप इडवल अर्धा चावून परत दाखवायचा, "बघ, तुझ्या चीजला खिडकी पाडली!"

"दात इडवलचेच आहेत," ती म्हणाली. "चौकशीत येऊन सांगेन."

"आणि भिंत?" क्राउदरनी विचारलं.

मागे गाडीतून माल उतरवणारा एमलिन चीजचा गोल हातात घेऊन तसाच उभा होता.

"तिसरा थर रचेपर्यंत आतून ठोकल्याचा आवाज येत होता," तो म्हणाला. "मी ह्या साहेबांना विचारलं. म्हणाले, आधाराची लाकडं खचताहेत."

क्राउदरनी टोपी डोक्यावर ठेवली. त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं. ओलवेनने नेस्टच्या हातातून साल घेतली, डब्यात ठेवली, झाकण दाबून लावलं आणि ती एमलिनसमोर जाऊन उभी राहिली.

"मग चौथा थर कुणी रचला?"